दीड इंच माया

कंपनी दरवर्षी गणवेशाचं कापड द्यायची.
शेवटच्या वर्षीचं कपाटात तसंच राहिलं,
सव्वादोन मीटर, राखाडी-निळं,
कडेला गिरणीचा शिक्का.
शिवायला टाकू, टाकू, म्हणेपर्यंत
गेटवर कागद लागला.

अंबडला बावीस वर्षं मी लोखंड कापलं.
केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी चूक
आधी बोटांना कळायची,
मग वर्नियरला.
आणि ही पोर
माप घ्यायला दोन श्वास उभी राहत नाही.
छाती बावीस आली, मग वीस,
मग टेप तिच्याच गळ्यात,
ती डॉक्टर, मी पेशंट.
"जीभ काढा बाबा."

शेवटी जुना फ्रॉक पालथा घालून
वर्तमानपत्रावर पेन्सिल फिरवली.
खांद्याखाली कांद्याचे भाव आले,
घेरात कुणाच्या तरी दशक्रियेची जाहिरात.
म्हटलं, दुर्वाला अजून वाचता येत नाही.

शमीमभाभी दारातूनच म्हणाल्या,
"कापडाला आधी पाणी पाजा,
नाहीतर पहिल्या धुण्यात आक्रसेल,
मग बसा बाहुलीला घालत."
रात्रभर बादलीत ठेवलं.
सकाळी खळ सुटून पाणी गढूळ,
आणि वर तेलाचा वास,
कोऱ्या कापडाला कसा असेल?
मलाच येतो तो हल्ली, भातालासुद्धा.

त्यांच्या ओट्यावर कापड अंथरलं,
खडूनं रेघ ओढली. नेमकी, धारदार.
रेघेवरून कात्री घालणार
तर त्यांनी मनगट धरलं.
"अहो, माया कुठंय?"

बावीस वर्षं जास्तीचं ते काढत आलो.
निळे-जांभळे कीस, गरम, वेटोळे,
भंगारवाला पोत्यानं न्यायचा.
इथं जास्तीचं ठेवायचं होतं,
आत, दुमडून, दिसणार नाही असं.
"किती ठेवू?"
"एरवी अर्धा. पोर वाढती आहे, एक ठेवा."
मी दीड ठेवला.

मशीन पायाचं.
टाच जड पडली की चाक उलटं फिरे,
दोरा तुटे, भाभी हसत, चहा होई.
एका दुपारी एकच बाही झाली,
तीही उसवली,
कारण ती डावी होती आणि मी उजवीकडे लावलेली.
कामगार भरतीचं विचारायला फोन आला तेव्हा
सुई ओठांत होती.
नंतर करतो म्हणालो. केला नाही.

गळा मात्र चुकलाच.
कानांपाशी येऊन फ्रॉक अडला,
आतून आवाज:
"बाबा, रात्र झाली."
पाठीवर चार बोटं कापून फट केली,
माझ्या जुन्या शर्टाचं बटण काढून लावलं.
काज हातानं घातलं. वाकडं आहे.
भाभी म्हणाल्या, घट्ट आहे ना, मग झालं.

मग तिला खिसा हवा झाला.
खिसा ड्रॉइंगमध्ये नव्हता.
उरला तुकडा शिक्क्याचाच,
तोच लावला, अक्षरं उलटी आली.

मालन बिटकोतली रात्रपाळी करून आली,
चपला न काढताच स्टुलावर टेकली.
फ्रॉक हातात घेतला आणि आधी उलटा केला.
शिवणीवरून अंगठा नेला, सावकाश,
जसा ती शीर शोधताना नेत असेल.
"एवढी माया?" म्हणाली.
"ही दहावीला जाईपर्यंत पुरेल."
पुढं काही बोलली नाही,
उलटा फ्रॉक मांडीवर घेऊन तशीच बसली,
चहा निवला.

सोमवारी दुर्वा बालवाडीत गेली.
खिशात माझ्या पेटीतला आठचा नट,
कधी घेतला कळलं नाही.
त्याच्या वजनानं एक बाजू खाली ओढली गेली,
फाटकापासून दिसत होतं,
पाऊण इंच तरी.
माझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला,
जिथं वर्नियर असायचा,
तिथं टाचणीचं पाकीट होतं.
तिनं वळून पाहिलं नाही.
एका हातानं खिसा धरून पळत गेली.